परसबागेत ब्रिक्स मीटर: आकडा कसा घ्यावा आणि त्यावर काय ठरवावं

परसबाग करणाऱ्या वाचकांचा हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. टमाटरच्या पानाचा रस ब्रिक्स मीटरवर ५ दाखवतो, मग झाड आजारी आहे का? वांग्याच्या पानाचा आकडा परवा ९ होता, पावसानंतर ६ झाला, आता काय फवारायचं? आणि आकडा १२ च्या वर गेला की कीड लागतच नाही, हे खरं का?

आधी उत्तर, मग तपशील. एका आकड्यावरून झाडाचा आजार कळत नाही. फळ तयार झालं का हे कळतं, आणि तेही चांगलं कळतं. पानाच्या रसावरून फक्त एवढंच कळू शकतं, की तुमच्याच वाडीतल्या दोन वाफ्यांत किंवा एकाच झाडाच्या दोन आठवड्यांत फरक पडला का. तोही फरक खरा दिसावा म्हणून थोडी शिस्त लागते. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या हवेत ही शिस्त जरा जास्तच लागते, कारण इथला उन्हाळा आणि इथला पाऊस दोन्ही आकडा बिघडवतात.

यंत्र नेमकं काय मोजतं

ब्रिक्स मीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे प्रकाश रसातून जाताना किती वाकतो हे दाखवणारी नळी. रसात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर असली की २० अंश सेल्सिअस तापमानाला १ ब्रिक्स.

पण झाडाच्या रसात नुसती साखर नसते. क्षार, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं या सगळ्यांची भर त्या आकड्यात पडते. लिंबाचा रस यंत्रावर सहज ६ ते ८ दाखवतो आणि गोड लागणारा टमाटर ५ दाखवतो, ते यामुळेच. म्हणून आकडा मोठा म्हणजे गोडी जास्त, असं दोन वेगळ्या पिकांत कधीच धरू नका. टमाटरची तुलना टमाटरशीच करा.

आपल्या राज्यात हे उपकरण नवं नाही. साखर कारखान्यांचे शेतकी कर्मचारी उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याचा रस त्यावर तपासतात. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व झाला असं समजतात. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार काढणीआधी मण्यांतली साखर पाहतात. तिथे यंत्राला विचारलेला प्रश्न एकच असतो: माल तयार झाला का? पानावरून झाडाची तब्येत ओळखणं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुष्कळ अवघड आहे.

घेण्याआधी हे बघा

- मोजपट्टी ० ते ३२ ब्रिक्सची हवी. फळं आणि पानं दोन्ही त्यात बसतात. मधासाठीचं यंत्र साधारण ५८ च्या पुढे मोजतं. त्यावर टमाटरचा रस ठेवला तर काहीच दिसणार नाही. मिठाचं पाणी, बॅटरीतलं आम्ल, गाडीचं कूलंट यांसाठीची यंत्रंही दिसायला हुबेहूब अशीच असतात, म्हणून चित्र पाहून मागवू नका.
- आपोआप तापमान दुरुस्ती आहे का ते विचारा. पेटीवर ‘एटीसी’ असं लिहिलेलं असतं.
- बारीक रेघ ०.२ ब्रिक्सची असली की घरच्या कामाला पुरे. डिजिटल यंत्र वापरायला सोपं असतं, पण ते बरंच महाग पडतं. परसबागेसाठी ते घ्यावं असं मला वाटत नाही.
- सोबत ड्रॉपर, शून्य जुळवायचा छोटा पेचकस आणि मऊ कापड आहे का ते पाहा.

शेजारच्या चार-पाच घरांत मिळून एक यंत्र घेतलं तरी चालतं. ते रोज लागत नाही. महिला बचत गटाने एक घेतलं आणि प्रत्येक घराने आपली वही ठेवली, तर तुलनेला जास्त वाफे मिळतात.

पहिलं काम: शून्य तपासणं

हे काम टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं. बॅटरीत टाकायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात.

1. काच मऊ ओल्या कापडाने पुसा, मग कोरडी करा.
2. पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि झाकणी हळूच मिटा. खाली बुडबुडा राहू देऊ नका.
3. अर्धा मिनिट थांबा, म्हणजे थेंब आणि काच एकाच तापमानाला येतात.
4. उजेडाकडे धरून डोळा लावा. सूर्याकडे कधीही रोखू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पोरांच्या हाती देताना हे आधी सांगा.
5. निळ्या-पांढऱ्याची सीमा शून्यावर नसेल तर वरचा पेच अगदी थोडा फिरवा.

शून्य जुळल्यावर एकदा साखरेचं पाणीही तपासून घ्या. वजनकाट्यावर २० ग्रॅम साखर आणि १८० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि साखर पूर्ण विरघळू द्या. यंत्राने १० च्या आसपास दाखवायला हवं. शून्य बरोबर आणि इथे मात्र ८ किंवा १२ येत असेल, तर यंत्रातच दोष आहे. ते परत करा.

आपल्याकडची उष्णता

हा मुद्दा परदेशी माहितीपत्रकांत एका ओळीत संपतो. आपल्याकडे तो मोठा आहे. साध्या यंत्रातली तापमान दुरुस्ती बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं तर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांत वारंवार येतात. एप्रिल-मेमध्ये वाडीत उभं राहून घेतलेला आकडा या मर्यादेच्या फार बाहेर असतो.

दुरुस्ती नसेल तर २० अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ ब्रिक्स कमी दिसतं. म्हणजे ३० अंशांना जवळजवळ पाऊण ब्रिक्सचा फरक पडतो. पानाच्या रसात ५ आणि ६ यांचाच प्रश्न असतो, तिथे पाऊण ब्रिक्स म्हणजे सगळा निकालच उलटू शकतो.

म्हणून पान वाडीत तोडा, पण रस घरातल्या सगळ्यात थंड खोलीत काढा. यंत्रही तिथेच ठेवलेलं असावं. रस टाकण्याआधी त्याच खोलीतलं डिस्टिल्ड वॉटर एकदा पाहा. पाणी शून्याऐवजी उणे अर्धा दाखवत असेल, तर रसाच्या आकड्यात तेवढा मिळवा. एवढं केलं की बहुतेक चूक निघून जाते. भर मे महिन्यात पानांची मोजणी नाही केली तरी काही बिघडत नाही. तेव्हा झाडाला पाणी आणि सावली हवी असते.

फळ मोजताना

इथे यंत्र खरंच उपयोगी पडतं. घरच्या पिकलेल्या फळांत साधारण असे आकडे दिसतात:

- टमाटर: ४ ते ६, लहान चेरी जातींत त्याहून जास्त
- जांब (पेरू): ९ ते १३
- पपई: १० ते १३
- संत्रं: ९ ते १२
- टरबूज: ९ ते १२
- झाडावरून उतरवून पिकवलेला आंबा: १५ ते २०

एकाच फळात गोडी सगळीकडे सारखी नसते. टरबुजाचा मधला गर सालीजवळच्या गरापेक्षा बराच गोड असतो. त्यामुळे एक थेंब कुठून घेतला यावर आकडा ठरतो. लहान फळ पूर्ण पिळा. मोठ्या फळाची देठापासून खालच्या टोकापर्यंत एक फोड कापा आणि तिचा रस एकत्र करा. एका फळावर न थांबता तीन-चार फळांची सरासरी काढा.

आकडा लहान आला म्हणून घाईने मत बनवण्याआधी फळाचा स्वभाव आठवा. कच्च्या आंब्यात स्टार्च असतो. तो यंत्राला दिसत नाही, पिकताना त्याचीच साखर होते. म्हणून पाडाला आलेला आंबा ८ दाखवत असला तरी चिंता नको, आढीत तो वर जाईल. पपईत असा साठा जवळजवळ नसतो. झाडावरून लवकर उतरवलेली पपई मऊ होईल, पिवळी होईल, पण गोड फारशी होणार नाही. सालीवर पिवळी रेघ उमटेपर्यंत थांबा. संत्रं आणि टरबूजही तोडल्यावर गोड होत नाहीत.

सलग पाऊस झाल्यावर किंवा भरपूर पाणी दिल्यावर फळाचा रस पातळ होतो. टरबूज, डांगर, टमाटर यांचं पाणी काढणीच्या आधी काही दिवस कमी करण्यामागे हेच कारण आहे. पण झाड कोमेजेल इतकं तोडू नका. टमाटरला आज कोरडं आणि उद्या ओलं असं होत राहिलं, तर फळं तडकतात किंवा बुडाशी काळी पडतात.

पान मोजताना

पानात रस कमी असतो आणि तो सहजी निघत नाही. बहुतेकांची गडबड इथेच होते. पुढचे नियम कोरडे वाटतील, पण ते पाळले नाहीत तर आज आणि पुढच्या आठवड्याच्या आकड्याची तुलनाच करता येत नाही.

- वेळ एकच ठेवा. दिवसभर उन्हात पान साखर बनवतं आणि रात्री झाड ती वापरतं. सकाळी सहाचा आणि दुपारी दोनचा आकडा वेगळा येणारच. ऊन चांगलं वर आल्यावरची, साधारण दहा-अकराची वेळ धरा आणि तीच चालवा.
- पान एकाच वयाचं घ्या. शेंड्याकडून मोजत पहिलं पूर्ण वाढलेलं पान. अगदी कोवळं नको, खालचं पिवळसरही नको.
- उन्हातली पानं घ्या. सावलीतल्या बाजूची पानं त्यांत मिसळू नका.
- एका वाफ्यातल्या किमान तीन-चार झाडांची पानं एकत्र घ्या.
- पाऊस, दाट ढग किंवा फवारणी झाली असेल तर दोन दिवस थांबा.
- आदल्या दिवशी पाणी दिलं होतं की नाही, ते वहीत लिहा.

पानं धुतली तर पूर्ण कोरडी करा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी रस पातळ होतो. लसूण दाबायच्या चिमट्यात पान गुंडाळून दाबा, किंवा खलबत्त्यात ठेचून कोरड्या सुती कापडातून पिळा. ठेचून उघड्यावर ठेवू नका, पाणी उडून आकडा वाढतो. रस निघतच नसेल तर पान पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीतच वितळू द्या आणि मग पिळा. मात्र एकदा ही पद्धत धरली की सगळे नमुने तसेच घ्या.

भेंडी आणि अंबाडीची पानं यासाठी सोडून द्या. त्यांच्या चिकट रसात सीमारेषा धूसर दिसते. पपईच्या पानातला चीकही टाळा, तो डोळ्याला आणि कातडीला झोंबतो. टमाटर, पालक, वाल, चवळी, वांगं यांवर सुरुवात करणं सोपं जातं. धानाच्या पानातून घरच्या साधनांनी पुरेसा रस निघणं कठीण आहे, तो खटाटोप करू नका.

सीमारेषा धूसर असली तर झाडात कॅल्शियम भरपूर, स्पष्ट असली तर कमी, असंही सांगितलं जातं. त्यावर भरवसा ठेवू नका. रसात गराचे कण राहिले की रेघ धूसर होते. कापडातून पुन्हा गाळा.

आकडा वाढला किंवा उतरला, तर

यंत्र कारण सांगत नाही. ते शोधायला तुम्हाला वाफ्याकडेच परत जावं लागतं.

आकडा चढला तर आधी माती बोटभर खोल उकरून पाहा. कोरडी आहे? मग झाड तहानलेलं असू शकतं. पाणी कमी पडलं की रस दाटतो आणि आकडा वाढतो. मार्चनंतर खरडीसारख्या हलक्या जमिनीत हे हमखास दिसतं. अशा वेळी ‘ब्रिक्स वाढला, झाड सुधारलं’ असं समजून पाणी दिलं नाही, तर झाड हातचं जाईल. ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण आकडा शाबासकी देत असतो आणि झाड सुकत असतं.

आकडा उतरला तर या क्रमाने विचार करा: गेले दोन-तीन दिवस ढगाळ होते का? पाऊस झाला का? शेजारचं झाड वाढून सावली पडू लागली का? मुळाशी पाणी साचतंय का? मोरंडसारख्या पाणी धरणाऱ्या जमिनीत पावसाळ्यात हा शेवटचा प्रश्न आधी विचारा. यातलं काही नसेल तर पानं नीट पाहा:

- खालची जुनी पानं सगळी पिवळी: बहुधा नत्र कमी.
- जुन्या पानांत शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियमचा संशय.
- नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोहाचा संशय.
- झाड खुरटलेलं, उपटल्यावर मुळांवर गाठी: सूत्रकृमी. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी मात्र उपयोगी जिवाणूंच्या असतात आणि त्या बोटाने सहज सुटतात.

हे काम डोळ्यांचं आहे. यंत्र फार तर ‘इथे बघा’ एवढंच सांगेल. एका ब्रिक्सपेक्षा कमी फरकावर खत, फवारणी असा खर्चाचा निर्णय घेऊ नका. पानापानांतच तेवढा फरक असतो.

‘१२ च्या वर कीड नाही’

अमेरिकेत कॅरी रीम्स यांच्या नावाने एक तक्ता चालतो. त्यात प्रत्येक पिकाचे ब्रिक्स ‘वाईट, मध्यम, चांगलं, उत्तम’ असे मांडलेले आहेत. त्यापुढे जाऊन असं सांगितलं जातं, की पानाचा ब्रिक्स १२ च्या वर गेला की किड्यांना ती साखर पचत नाही आणि ते झाडाला शिवत नाहीत.

आपल्या वालाच्या वेलावरचा मावा बघा. तो झाडाच्या ज्या नलिकांत सोंड खुपसतो, त्यांतला रस साखरेने दाट असतो. जादाची साखर तो गोड चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. पानं चिकट होतात, त्यांवर काळी बुरशी धरते, मुंग्या येतात. साखर ज्याला पचत नाही असा किडा साखरेच्या नळावर बसून पिढ्या वाढवणार नाही. तेव्हा मावा दिसला तर आकडा न पाहता निंबोळी अर्काची तयारी करा, आणि वेलावर ढालकिडे असतील तर त्यांना जपा.

दोन वाफ्यांची तुलना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी उत्तम काळ. हवा थंड, आकाश बरंचसं मोकळं आणि वाडी भरलेली असते. शेणखत, गांडूळखत, तणसाचं आच्छादन, जीवामृत यांतलं एकच काहीतरी निवडा. एकाच दिवशी, एकाच बियाण्याचे दोन वाफे लावा. एकाला ते द्या, दुसऱ्याला देऊ नका. पाणी सारखं ठेवा. मग आठवड्यातून एकदा दोन्हींची पानं मोजा आणि वहीत तारीख, वेळ, हवामान, आकडा, तोडलेल्या मालाचं वजन लिहा. वजनाचा रकाना विसरू नका. ब्रिक्स सारखा राहून माल वाढला, तर ते खत किंवा आच्छादन कामाचंच आहे.

बी राखताना

यंत्राचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग हाच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत तीन पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी बाजूला ठेवलं, पुढच्या हंगामात वेगळं पेरलं आणि वर्षानुवर्षं पारखलं. त्यातून ‘एचएमटी’ धान आलं, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव घेऊन. २०१८ मध्ये ते गेले, पण त्यांचा तांदूळ आजही ताटात आहे. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. फरक हेरायचा, वेगळा ठेवायचा आणि पुन्हा पेरून खात्री करायची, ही रीत मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

टमाटर, डांगर, पपई यांत ती अशी वापरा: निरोगी आणि भरपूर फळणारी झाडं आधी निवडा. त्यांतल्या प्रत्येकाची तीन-चार पूर्ण पिकलेली फळं मोजून झाडाची सरासरी काढा आणि वरच्या एक-दोन झाडांचंच बी ठेवा. एकाच गोड फळामागे जाऊ नका. बाजारातल्या संकरित बियाण्याच्या झाडाचं बी पुढच्या पिढीत तसंच उतरत नाही, म्हणून देशी वाणच घ्या. टमाटर बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. डांगरात मधमाश्या दुसऱ्या वेलाचा पराग आणतात, तिथे मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाका आणि सकाळी हाताने परागीकरण करा.

कोणाला विचारायचं

अन्नद्रव्यांची शंका असेल तर मातीच तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा बारा गोष्टी मिळतात. ब्रिक्स मीटर यातली एकही वेगळी दाखवत नाही. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगट झाडाचा नमुना मुळांसकट, कागदात गुंडाळून न्या. नुसतं पान पुरत नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

फसवणूक झाली तर

- बिल घ्याच. पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, तक्रारीचा संपर्क आणि आयात माल असेल तर मूळ देश असायला हवा.
- ऑनलाइन घेतलेलं यंत्र भलतंच निघालं किंवा साखर-पाण्याच्या तपासणीत चुकलं, तर पेटी उघडतानाचे आणि आकड्याचे फोटो ठेवा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं.
- ‘ब्रिक्स वाढवणारं टॉनिक’ विकत घेताना लेबलवरचे घटक वाचा. जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. घटकच लिहिलेले नसतील किंवा दुकानदार बिल देत नसेल, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. बाटली फेकू नका.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागभीडकरांना चंद्रपूरला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची आहे.